मागच्या पुठ्ठ्याआतली चिठ्ठी

गेल्या महिन्यात याच सदरात एका वाचकाला मी जाता जाता लिहिलं होतं की, पुस्तकाबद्दल बोलताना शेवट सांगू नये. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी दुजोरा दिला, काही रागावले, आणि दोन-तीन पत्रं अशी होती की ती वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगते, तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ३१ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले. मला जे कळलंय ते त्या टेबलावरचं आहे. आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर, असं वाचा.

आमचा दहा-बारा जणींचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकीने एका पुस्तकाचा परिचय करून द्यायचा. मागच्या वेळी माझी पाळी होती. एका रहस्यकादंबरीबद्दल बोलता बोलता खून कोणी केला तेही मी सांगून गेले. एक मैत्रीण तडक उठून घरी गेली, अजून बोलत नाही. पुस्तक म्हणजे काय फक्त शेवट असतो का? माझं खरंच चुकलं का? (एक वाचक, नाशिक)

हो, चुकलं. तिला आजच फोन करा आणि तसं सरळ सांगा. मैत्री एवढ्यावरून तुटत नाही, पण न बोलता महिने गेले की अवघड होतं.

आमच्याकडे रहस्यकथांचं एक वेगळं कपाट होतं, बाबूराव अर्नाळकरांपासून पुढचं. ती पुस्तकं इतकी हातोहात फिरायची की वर्षाआड बाइंडिंगला पाठवावी लागत. मध्ये एक सभासद असा लागला, की पुस्तक वाचून झालं की पहिल्या प्रकरणात जिथे खुन्याचं नाव प्रथम येतं तिथे तो पेन्सिलने गोल करायचा आणि समासात लिहायचा, 'हाच'. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचे दुसरे एक सभासद पोस्टातून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून त्यांना रात्रीची झोप लागत नसे. एका रात्रीत संपेल असं पुस्तक ते रोज संध्याकाळी न्यायचे. एका सकाळी मी कुलूप काढायला गेले, तर ते आधीच पायरीवर बसलेले. पुस्तक उघडून त्यांनी मला तो गोल दाखवला. म्हणाले, "बाई, साडेनऊला वाचायला घेतलं आणि पावणेदहाला संपलं. पुढची रात्र काय करायचं माणसानं?"

त्या आठवड्यात मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, आम्ही दोघींनी त्या कपाटातली दोनशेच्या वर पुस्तकं पान पान पाहिली. जुन्या कागदावर खोडरबर जोरात घासलं तर छापील अक्षरही निघून येतं, म्हणून हलक्या हाताने एकेक 'हाच' पुसला. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबून लिहिली होती की पुसल्यावरही वळ राहिला. तिथे मी पांढऱ्या कागदाचा बारीक तुकडा चिकटवला.

तेव्हापासून शेवट सांगणं ही मला किरकोळ चूक वाटत नाही. त्या गृहस्थांना पुस्तकातून हवी होती ती वाट पाहणं. शेवट हा त्या वाट पाहण्याचा आधार असतो, तो काढून घेतला की मधली दोनशे पानंही कोसळतात. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचं 'द माउसट्रॅप' हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ पासून चालू आहे. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये थांबलं, मे २०२१ मध्ये पुन्हा उभं राहिलं. प्रयोग संपला की रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती करतात, शेवट तुमच्यापाशीच ठेवा. इतक्या वर्षांत लाखो माणसांना तो ठाऊक झालाय, तरी ही विनंती चालू आहे, कारण उद्याच्या खेळाला येणारा माणूस नवा असतो. २०१० साली विकिपीडियावर तो शेवट लिहिलेला पाहून ख्रिस्ती यांच्या नातवाने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता कट्ट्यापुरतं एक सुचवते, आम्ही करून पाहिलेलं. बैठकीचे चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर असे दोन भाग करा. चहाच्या आधी गोष्ट कुठे घडते, लिहिणाऱ्याची भाषा कशी आहे, माणसं कशी उभी केलीत, एखादा उतारा, इतकं बोला. घटना सांगायच्या तर पुस्तकाच्या पहिल्या चौथाईपर्यंतच्या सांगा. चहानंतर ज्यांनी वाचलंय त्यांनी मागे थांबायचं आणि शेवटावर वाटेल तेवढं भांडायचं. आमच्याकडे हा दुसरा भागच जास्त रंगायचा.

ताई, शेवट आधी कळला तर गोष्ट जास्त आवडते असं संशोधनात सिद्ध झालंय म्हणे. मग एवढा बाऊ कशाला? (एक विद्यार्थी, पुणे)

तुम्ही म्हणताय तो प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड यांचा, २०११ चा. त्यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या आणि काहींना शेवट आधीच सांगून ठेवला. शेवट कळलेल्यांनी गोष्टींना थोडे जास्त गुण दिले, हे खरं. पण २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग केला, तर निकाल उलटा आला. म्हणजे 'सिद्ध झालंय' हा शब्द इथे बसत नाही.

आणि समजा काहींना तसंच आवडतं. आमच्या कितीतरी सभासद बायका टेबलापाशीच शेवटचं पान उघडून वाचायच्या आणि मग पुस्तक न्यायच्या. त्यांना मी कधी अडवलं नाही. शेवटचं पान पुस्तकातच असतं, हवं त्याने उघडावं. दुसऱ्यासाठी ते आपण उघडायचं नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

किती दिवस गप्प बसायचं? महिना? वर्ष? आणि रामायण-महाभारताचं काय? (एक वाचक, चिपळूण)

दिवस मोजू नका, समोरचा माणूस पाहा. बोलताना तर फारच सोपं आहे. आधी विचारायचं, "पाहिलंय का?" छापील लिहिताना समोर कोण आहे ते दिसत नाही, म्हणून तिथे कधीच सांगू नये या मताची मी आहे, पुस्तक कितीही जुनं असो. 'एकच प्याला' १९१९ चं. परीक्षेला लावलेलं म्हणून ते न्यायला येणाऱ्या अकरावीच्या मुलीसाठी सिंधूचं पुढे काय होतं ते आज पहिल्यांदाच घडणार असतं.

'सैराट' २०१६ चा. माझ्या भाचीच्या मुलाने तो अगदी अलीकडे, आमच्याच घरी पहिल्यांदा पाहिला. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसले होते, आवाजावरून गोष्ट कुठवर आली ते कळत होतं. जवळ येतंय असं वाटलं तसे माझे हात थांबले. संपल्यावर तो आत आला आणि काही न बोलता माझ्याबरोबर शेंगा सोलू लागला. मी आधी एक शब्द जरी बोलले असते, तरी ते त्याला असं भेटलं नसतं.

पुराणातल्या गोष्टींचं वेगळं आहे. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात तेव्हा ते सगळ्या मंडपाला पाठ असतं. १८८२ मध्ये 'सौभद्र' पाहायला आलेल्यांनाही सुभद्रा कोणाला मिळणार हे ठाऊकच होतं. तिथे काय घडणार यापेक्षा बुवा कसं सांगणार, नट पद कसं म्हणणार, यासाठी माणसं बसतात. त्यामुळे ती भीती नको.

मी आमच्या गावच्या साप्ताहिकात पुस्तक-परिचय लिहितो. सध्या हाती असलेल्या कादंबरीत शेवटाकडे एका मुख्य पात्राची आत्महत्या आहे. माझ्या एका वाचकाच्या घरी दोन वर्षांपूर्वी तसंच घडलंय हे मला माहीत आहे. सावध करावं तर कादंबरीचा शेवट फुटतो, न करावं तर मनाला लागून राहील. काय करू? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

तुमच्या पत्रासाठीच हे सदर मी पुन्हा लिहायला घेतलं. असा पेच मला पडला तो माझ्याच चुकीमुळे.

पावसाळ्याचे दिवस होते. सव्वीस-सत्तावीसची एक मुलगी माहेरी आली होती, आईबरोबर वाचनालयात आली. म्हणाली, "काहीतरी हलकं द्या ना, बाई." मी तिला माझी आवडती एक कादंबरी दिली. गावातली माणसं, त्यांच्या खोड्या, भांडणं, खळखळून हसवणारी. तिसऱ्या दिवशी आई एकटीच आली. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा बांधलेला. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "हिचं बाळ चैत्रात गेलं. तुम्हाला कुठून माहीत असणार. पण आता हे घरात नको." ती गेल्यावर मी दोरा सोडला. त्या पुस्तकात मध्येच एक बारसं आहे, आणि बारशानंतर दोन-अडीच पानांत ते बाळ जातं. मी ते साफ विसरले होते. तीनशे पानांच्या पुस्तकातली अडीच पानं. तिच्यासाठी पुस्तक तेवढंच उरलं.

ती आली होती ते मन दुसरीकडे न्यायला आणि मी तिला तिथेच नेऊन सोडलं. त्यावर मी कितीतरी रात्री विचार केला. पुस्तकाच्या सुरुवातीला सूचना चिकटवावी, तर ज्यांना ते प्रकरण अचानक भेटायला हवं त्यांचं नुकसान. बारशाचा सगळा आनंदच आधी काळवंडला असता, आणि लेखकाने तो तसा मुद्दाम लिहिला होता.

शेवटी आम्ही असं केलं. तारीखपट्टी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर असते. तिच्या समोर, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, पोस्टकार्डाच्या चौथाईएवढी एक चिठ्ठी चिकटवली. पुढे नावाच्या पानावर, वाचनालयाच्या शिक्क्याखाली, फक्त दोन शब्द, 'चिठ्ठी मागे'. ज्याला पाहायची त्याने मागे पाहावं, ज्याला नको त्याने सरळ वाचायला घ्यावं. त्या पहिल्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'या पुस्तकात तान्ह्या मुलाचा मृत्यू आहे. पान ११२ ते ११४.' कोणाचं मूल, कसं, पुढे काय, यातलं काही नाही. पानांचे आकडे घातले, कारण मग ती पानं ओलांडून पुढे वाचता येतं. नंतर दोघीतिघींनी तसं वाचल्याचं मला सांगितलं.

तुम्हाला छापील साप्ताहिकात हेच करता येईल. शब्दकोड्याचं उत्तर आपण पानाच्या तळाला उलटं छापतो ना, तसं. परिचयाच्या सुरुवातीला लिहा, 'मजकुराविषयी सूचना खाली उलटी छापली आहे.' आणि खाली उलट्या अक्षरांत, 'या कादंबरीत आत्महत्येचा प्रसंग आहे.' पात्राचं नाव नको. 'शेवटी' हा शब्द तर नकोच, तुमच्या सूचनेत शेवट फोडणारा शब्द तोच आहे. जमलं तर पानांचे आकडे द्या. जिथे उलटं छापणं शक्य नाही, तिथे विषय थोडा रुंद करून लिहा. 'सैराट'बद्दल 'यात जातीवरून होणारी हिंसा आहे' असं कोणी लिहिलं तर सावध व्हायचं तो होतो, आणि कोणाच्या वाट्याला, केव्हा, कशी, हे मिटलेलंच राहतं.

आत्महत्येच्या बाबतीत अजून एक पथ्य पाळा. ती कशी केली, कुठे केली, याचं वर्णन परिचयात येऊ देऊ नका, कादंबरीत कितीही तपशिलाने असलं तरी. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये वार्तांकनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली त्यात हेच आहे, आणि कादंबरीबद्दल लिहितानाही ते लागू करायला माझी हरकत नसेल, उलट आग्रह असेल. सूचनेच्या शेजारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

'संवेदनशील मनाच्या वाचकांनी हे पुस्तक टाळावं' असं मात्र कृपा करून लिहू नका. कोणी काय टाळावं ते आपण ठरवायचं नाही, आणि ज्याच्या घरी घडलंय त्याला 'संवेदनशील' म्हणून बाजूला बसवायचं नाही. आत काय आहे ते सांगा आणि थांबा.

राहिला तुमचा तो एक वाचक. त्याच्यासाठी छापील सूचनेवर विसंबू नका. अंक निघायच्या आधी त्याला भेटा आणि तोंडाने सांगा.

मी ३४ वर्षं शिक्षक होतो. आमच्या पिढीने असल्या सूचनांशिवाय सगळं वाचलं आणि टिकलो. वाचकाला इतकं जपायला लागलात तर साहित्याची धारच जाईल. (एक वाचक, सोलापूर)

सर, तुमच्या पत्रातली काळजी मला समजते, आणि अर्ध्या गोष्टीत मी तुमच्या बाजूची आहे. अशा सूचनांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचना वाचल्यामुळे पुढे होणारा त्रास कमी होत नाही, वाचायच्या आधीची धाकधूक मात्र थोडी वाढते, आणि सूचना पाहून लोक सहसा मजकूर टाळतही नाहीत, असं त्यात दिसलं. म्हणजे चिठ्ठी हे औषध नाही. मला ती औषध म्हणून नकोच होती. हे पुस्तक आज वाचायचं की चार महिन्यांनी, रात्री एकटीने की नवरा घरी असताना, हे त्या मुलीला ठरवता आलं असतं, एवढ्यासाठी हवी होती. चित्रपटांना आता ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे वेगवेगळे दाखले मिळतात, इंटरनेटवरून घरी पाहायच्या मालिकांवर हिंसा वगैरे काय आहे ते २०२१ च्या नियमांनुसार आधी लिहून येतं. पुस्तकावर तसं काहीच नसतं, तिथे टेबलापलीकडचा माणूसच असतो.

धार जाण्याबद्दल सांगायचं तर आमच्या अठरा हजार पुस्तकांत चिठ्ठ्या लागल्या जेमतेम साठ. मुलांचे मृत्यू, आत्महत्या, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार, जातीच्या नावाखाली केलेली मारहाण, यांची तपशीलवार वर्णनं. दुःखी शेवटाला चिठ्ठी नाही. शिव्यांना नाही. न पटणाऱ्या विचारांना तर कधीच नाही. 'या पुस्तकात आमच्या श्रद्धेविरुद्ध लिहिलंय, तशी चिठ्ठी लावा' असं सांगायला दोनदा माणसं आली होती. दोन्ही वेळा मी नकार दिला आणि कार्यकारिणीसमोर जाऊन त्याची कारणं सांगितली. तिथे तुम्ही म्हणता ती धार खरोखर पणाला लागलेली असते.

ताई, हे पत्र नाव न घेता छापा. माझ्या बाबतीत लहानपणी जे घडलं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. पुस्तकात तसलं काही आलं की माझा पुढचा आठवडा जातो. मला वाचायला खूप आवडतं. पण 'यात तसं आहे का' असं विचारायला गेले तर लोक 'का?' विचारतील. (गाव लिहिलेलं नाही)

तुम्ही हे मला लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार मानते.

'का'चं उत्तर तुम्ही कुणालाही देणं लागत नाही. विचारायची एक पद्धत सांगते. एका विषयाऐवजी तीन विचारायचे. "यात कुणी लहान मूल दगावतं का, आजारपण फार आहे का, लहान मुलीला कुणी त्रास देतं का? घरात वाचायला ठेवायचंय." तीनमधलं तुमचं कोणतं ते समोरच्याला कळत नाही. मी टेबलावर होते तेव्हा असं विचारणाऱ्या आठ-दहा जणी तरी होत्या, आणि मी उत्तर देताना त्यांच्या तोंडाकडे न बघता तारखेचा शिक्का मारत असे.

गावातल्या ग्रंथपालांना विचारणं नको वाटत असेल, तर पुस्तकाचं नाव आणि तुमचा प्रश्न एका कार्डावर लिहून या मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. नाव घालू नका, एखादं अक्षर पुरे. ते पुस्तक मी वाचलं नसेल तर वाचेन. पुढच्या अंकापासून या पानाच्या तळाशी उलट्या अक्षरांत एक छोटी चौकट ठेवायला संपादकांनी होकार दिलाय. तिथे ते अक्षर, पुस्तकाचं नाव आणि पुढे पानांचे आकडे किंवा 'नाही', एवढंच छापलेलं असेल.